नदीने खाल्लेला ‘नका’

कंपनीतले सगळे त्यांना सूचनाकाका म्हणत, आणि तेही तोंडावर. राफ्टिंगच्या धंद्यात एकवीस वर्षे काढलेल्या माणसाला काहीतरी नाव पडणारच. ‘खडूस’ पडण्यापेक्षा हे बरे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली होती. मात्र यंदा हंगाम सुरू व्हायला नऊ दिवस उरले असताना कुणी तशी हाक मारली की त्यांच्या कपाळावर आठी चढू लागली.

वर्षातून एकदा, वरच्या धरणाचे दरवाजे दुरुस्तीसाठी बंद होत आणि नदी आटून खडकांच्या फटींतून वाहणारा ओहोळ होई. तेवढे दोन आठवडे सूचनाकाकांचे. गुडघ्यापर्यंतचे बूट, मोजपट्टी, खडू आणि कडेने भिजून फुगलेली वही घेऊन ते पात्रात उतरत आणि एरवी पाण्याखाली असलेला एकेक खडक तपासत. नव्या गाइडांना ते सांगत, “नद्या दोन असतात. वरची सगळ्यांना दिसते. माणूस अडकतो तो खालच्या नदीत.” वहीत त्या खालच्या नदीचा नकाशा होता. पूर आला की तो बदले, म्हणून दर वर्षी नवा.

खालच्या नदीची खूण वरच्या नदीत कशी शोधायची, हे शिकवण्यात त्यांचा हात धरणारा कुणी नव्हता. ज्या खडकावर पाणी आपटते, फुगते आणि बाजूला होते, त्या खडकाला ते फारसे भीत नसत. पाण्याची ती उशी माणसालाही बाजूला सारते. ज्या खडकापुढे पाणी फुगतच नाही, मुकाट्याने आत शिरते, त्याच्या पोटात पोकळी असते, आणि तिथे गेलेले परत मिळेलच असे नाही. पाण्यात आडवे पडलेले झाड ही चाळण: पाणी गाळून पुढे सोडते, माणूस ठेवून घेते. जिथे उडी मारलेले पाणी उलट फिरून पुन्हा वर चढते, तिथे नाव थांबली की थांबलीच. एवढे सांगून झाले की ते थोडे थांबत आणि म्हणत, “पण आपल्याकडचा सगळ्यात वाईट जागा मांडीएवढ्या पाण्यात आहे.” मग त्यांच्याच लक्षात येई की जीभ घसरली. “आपल्याकडची,” ते दुरुस्त करत. गाइड हसत. हसले की लक्षात राहते, म्हणून ही चूक ते दर वर्षी करत असत, असाही एक प्रवाद होता.

ती जागा म्हणजे तिसरा खळाळ. त्याला ‘जिना’ म्हणत. चपट्या दगडांच्या पायऱ्या, आणि दोन दगडांमध्ये बरोबर बूट मावेल एवढ्या फटी. नावेतून पडलेल्या माणसाला तळ लागतो, त्याला हायसे वाटते, आणि तो उभा राहतो. पाय फटीत जातो. मागून येणारे पाणी अंगाला पुढे लोटते, पाय मागेच राहतो, गुडघा दुमडतो आणि तोंड पाण्याखाली जाते. पाणी एक क्षणही ढकलायचे थांबत नाही, त्यामुळे कितीही बळकट माणूस स्वतःच्या ताकदीने पुन्हा उठू शकत नाही. म्हणून जिन्यात पडलेल्याने पाठीवर पडायचे, पायाची बोटे पाण्याबाहेर दिसतील अशी वर धरायची, पाय प्रवाहाच्या दिशेला ठेवायचे आणि पाणी नेईल तसे जायचे. काठाशी, संथ पाण्यात, बूड दगडांना घासू लागले की मगच उठायचे.

कंपनीच्या पाटीवर हे सगळे तीन शब्दांत होते: ‘उभे राहू नका!’ गेली एकवीस वर्षे सूचनाकाका हेच ओरडत आले होते.

मागच्या हंगामाच्या शेवटी जिन्याच्या दुसऱ्या पायरीवर त्यांची नाव कलंडली आणि एक शिंपी पाण्यात गेला. पन्नाशीचा, किरकोळ अंगाचा माणूस. मुलीच्या हट्टाखातर आलेला. सूचनाकाका छाती फुटेस्तोवर तीनदा ओरडले, “उभे राहू नका!” तिसऱ्या हाकेला शिंप्याने मान वळवून त्यांच्याकडे पाहिले, समजल्यासारखी मान हलवली आणि उभा राहिला.

दोन्ही काठांवरून दोर ताणून तो त्याच्या छातीखाली आणेपर्यंत आणि डोके वर धरून पाय मोकळा करेपर्यंत चार मिनिटे गेली. माणूस वाचला, घोटा दोन ठिकाणी मोडला. अहवालात मॅनेजरबाईंनी लिहिले, ‘ग्राहकाने सूचनेचे पालन केले नाही.’ खाली सुरक्षाप्रमुख म्हणून सूचनाकाकांनी सही केली. तेव्हा त्यांना ते वाक्य खरे वाटले होते. खटकली होती ती फक्त शिंप्याने हलवलेली मान.

ती मान वर्षभर डोक्यातून जाईना. शेवटी यंदा पात्र उघडे पडलेले असतानाच एके दिवशी दोन पँटी घेऊन ते शिंप्याच्या दुकानात गेले. दुकान म्हणजे जेमतेम दोन माणसे उभी राहतील एवढी खोली. एका भिंतीला दोऱ्यांची रिळे, दुसरीला शिवून टांगलेले कपडे. शिंपी मशीनवर होता. उजवा पाय बाजूच्या स्टुलावर ठेवून तो डाव्या पायाने पायटा मारत होता.

“उंची कमी करायचीय?” त्याने पँट कमरेशी धरून पाहिली. “साहेब, ही तुम्हाला बरोबर आहे. अजून दोन बोटं कापली तर घोटे दिसतील.”

घोट्यांचे नाव निघाल्यावर दोघांचीही नजर स्टुलावर गेली. आता लपवण्यात अर्थ नव्हता.

“मास्तर, खरं सांगा. त्या दिवशी तुम्ही उभे का राहिलात?”

शिंप्याने चष्म्यावरून पाहिले. “तुम्ही सांगितलंत म्हणून.”

“मी?”

“तीनदा ओरडलात. ‘उभे राहा, उभे राहा.’ पहिल्यांदा मला वाटलं, काठावर तर उलटं सांगितलं होतं ह्यांनी. पण म्हटलं, हा माणूस रोजचा इथला. काठावरचं काठावर, आत्ता काहीतरी वेगळं दिसत असेल ह्यांना. म्हणून राहिलो.” तो पुन्हा पँट न्याहाळू लागला. “चूक माझीच असणार म्हणा. घरी रोज ऐकतोच आहे. मुलगी म्हणते, बाबांना एक सांगावं आणि त्यांनी दुसरंच करावं. भाजी आणायला पाठवलं तरी म्हणते, बाबा, नीट ऐकलंत ना? नाहीतर उभे राहाल.”

तो हसला. सूचनाकाकांना हसता आले नाही. पँटी तिथेच टाकून ते बाहेर पडले.

घरी बायको मिक्सरवर काहीतरी वाटत होती. “अहो, चहा टाकू?” तिने पाठमोरीच विचारले.

“चहा नको,” सूचनाकाका म्हणाले.

मिक्सर थांबला. तिने आधण ठेवले. ते टक लावून पाहत राहिले. चहा झाला, कप समोर आला.

“मी काय म्हणालो होतो?”

“चहा म्हणालात.”

“पुढे काय म्हणालो?”

“पुढे मिक्सर होता. आणि नको होता तर मान हलवायची. एवढा मोठा माणूस, मान हलवता येत नाही?”

त्यांनी तो चहा घेतला. एकवीस वर्षे ज्या दगडाला ते पाण्याखाली शोधत होते तो आपल्याच तोंडात होता, हे त्या कपाच्या तळाशी त्यांना दिसले. वाक्य सुरू होते तेव्हा छातीत हवा भरलेली असते. ‘उभे’ खणखणीत निघते. ‘राहू’पर्यंत ती उतरते. ‘नका’ येते सगळ्यात शेवटी, उरल्यासुरल्या दमावर, आणि नदी नेमकी तेवढीच खाते. जे उरते ते माणसाला मारायला पुरेसे असते. नकार शेवटी ठेवण्याची ही आपल्या बोलण्याची जुनी सवय. घरात, दुकानात, कचेरीत तिने कुणाचे काही बिघडत नाही. जिन्यात बिघडते.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते गोदामावरच्या कचेरीत गेले. खाली हवा भरून ठेवलेल्या नावांना रबराचा वास येत होता, आणि दारात पेंटरने नुकतीच रंगवलेली पाटी वाळायला टेकवली होती: ‘उभे राहू नका!’ लाल अक्षरे.

“मॅडम, ही पाटी उलटी आहे.”

मॅनेजरबाईंनी डोकावून पाहिले. “सरळ तर लावलीये.”

“अर्थानं उलटी.” आणि त्यांनी शिंप्याचे, मिक्सरचे, शेवटच्या दमाचे सगळे सांगितले. बाईंनी मध्ये न बोलता ऐकून घेतले. त्या काही वाईट नव्हत्या, फक्त त्यांच्यापुढे नेहमी तीन फोन वाजत असत.

“बरं, मग ओरडायचं काय?”

“काय करू नका ते नाही, काय करा ते सांगायचं. एकच शब्द. शेपूट तुटलं तरी डोकं उरेल असा. ‘आडवे!’”

“काका! फिरायला आलेल्या लोकांना, बायकामुलांदेखत, ‘आडवे व्हा’? म्हणतील, ह्यांनी नदीत उतरायच्या आधीच आडवे करायला घेतलं.”

“मग ‘उताणे!’ नेमका आहे. पाठीवर पडायचं, हे त्यातच आलं.”

“कंपनी उताणी पडेल, ते पण त्यातच आलं.” बाईंना स्वतःचेच हसू आवरेना. “अहो, काठावर वीस मिनिटं सूचना देतो ना आपण?”

“काठावर दिलेली सूचना काठावर राहते. पाण्यात पडलेल्याला फक्त ओरडणं ऐकू येतं, आणि तेही अर्धं.”

“बघते काहीतरी,” त्या म्हणाल्या आणि एक फोन उचलला.

त्यांनी खरेच काहीतरी बघितले. तिसऱ्या दिवशी पाटीवरची अक्षरे दीडपट मोठी झाली. सूचनाकाका पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. पाण्यात पडलेला माणूस काठावरची पाटी वाचायला येणार होता की काय, हे त्यांना कुणाला विचारावे कळेना. चौथ्या दिवशी प्रत्येक नावेसाठी एकेक भोंगा आला. त्यांनी भोंगा हातात घेतला, उलटसुलट केला आणि बाईंच्या टेबलावर परत ठेवला.

“एका हातात वल्हं, एका हातात भोंगा. आणि नाव कुठल्या हातानं वळवू?”

“काका, तुमचं काही केलं तरी समाधान नाही.”

“मॅडम, वाक्य उलटं आहे. मोठ्यानं ओरडलं तर मोठ्यानं उलटं होईल.”

खाली गाइडांना आयता विषय मिळाला होता. सूचनाकाका आवारातून जाऊ लागले की कुणीतरी बारीक आवाजात म्हणे, “उताणे!” आणि पाचसहा दांडगे गडी हातातले काम टाकून वाळूत धाडकन पाठीवर पडत, बोटे आभाळाकडे. एकाने तर नाव खांद्यावर असताना हे केले आणि नावेखाली सापडला. “काका, ह्याला उभं राहू द्यायचं का नको?” बाकीचे विचारत.

“मूर्खांनो, गुडघे जरा वाकवा,” एवढेच काका म्हणत आणि चालू लागत. आतून मात्र त्यांचा तिळपापड होई. एकवीस वर्षे खडक मोजून मिळवलेली अक्कल ह्या लोकांनी चार दिवसांत खेळ करून टाकली होती.

हंगामाआधी तीन दिवस धरणातून चाचणीचे पाणी सुटले. सूचनाकाका कचेरीत गेले आणि खाली न बसता म्हणाले, “अर्धा तास द्या. नंतर ह्या विषयावर एक शब्द बोलणार नाही.” ह्या शेवटच्या वाक्याच्या आशेनेच बहुधा, बाई उठल्या.

जिन्याच्या काठावर एका सपाट खडकावर त्यांनी बाईंना कागद-पेन देऊन उभे केले. समोरच्या काठावर एक गाइड. मध्ये जिना, पांढराशुभ्र, कानठळ्या बसवणारा. गाइडच्या हातात ओरडायच्या वीस हाकांची यादी होती. “जे ऐकू येईल ते लिहा. जे यायला हवं होतं ते नाही,” काकांनी बाईंच्या कानाशी येऊन बजावले आणि ते स्वतः लांब जाऊन बसले.

वीस हाका झाल्या. बाईंनी कागद दिला. ‘उभे राहू नका’ सात वेळा ओरडले गेले होते. कागदावर पाच ठिकाणी होते ‘उभे राहा’, एकदा नुसते ‘उभे’, आणि एकदा प्रश्नचिन्ह. ‘उताणे’ सातांपैकी चार वेळा जसेच्या तसे उतरले होते. तीनदा त्यांनी ‘ताणे’ लिहिले होते. ‘आडवे’ सहाही वेळा आडवेच होते.

“हे ‘ताणे’ म्हणजे चुकलंच ना?” बाईंनी विचारले.

“चुकलं. पण ‘ताणे’ ऐकून कुणी उभं राहणार नाही.”

परत फिरताना बाई म्हणाल्या, “अहवालातलं ते वाक्य मी लिहिलं, काका. पण सही तुमची आहे.”

“माझीच आहे,” ते म्हणाले. “म्हणून तर हा त्रास देतोय तुम्हाला.”

संध्याकाळी बाईंनी मालकांना फोन केला. मालक शांतपणे म्हणाले की पाटीवरचे वाक्य परवान्याबरोबर मंजूर झालेल्या नमुन्यातले आहे. बदलायचे तर नवा नमुना, नवा अर्ज, नवी मंजुरी, म्हणजे पुढचा हंगाम. आणि गाइडांनी काय ओरडायचे तेही त्याच नमुन्यात आहे. बाईंनी फोन ठेवला आणि हंगामाचा सुरक्षेचा कागद काकांपुढे सरकवला. त्यांच्या सहीविना एकही नाव पाण्यात उतरू शकत नव्हती.

“सही करणार नाही,” काका म्हणाले.

“करणार नाहीत तर दुसरा सुरक्षाप्रमुख येईल. त्याला खालची नदी माहीत नसेल. चालेल तुम्हाला?”

काका खिडकीपाशी गेले. खाली आवारात कुणीतरी कुणालातरी “उताणे!” म्हणाले आणि वाळूत धपाधप आवाज झाले.

“एक अट आहे,” ते वळून म्हणाले. “मागच्या वर्षीच्या अहवालाला एक पान जोडायचं. मी लिहिणार. सही मी करणार आणि तुम्ही करणार. तुम्ही स्वतःच्या कानांनी ऐकलंय.”

बाईंनी पेनाचे टोपण दोनदा काढले, दोनदा लावले. “मालक ओरडतील.”

“ओरडू द्या. पहिला शब्द तेवढा ऐकायचा.”

बाई हसल्या नाहीत, पण त्यांनी कोरा कागद पुढे केला.

हंगाम सुरू झाला. पहिल्याच दिवशी चौथ्या नावेतून एक उंच बाई जिन्यात पडल्या. सूचनाकाका पुढच्या नावेत होते, पाठ फिरवून. त्यांना वळून पाहायलाही क्षणभर लागला. तोवर चौथ्या नावेतला गाइड ओरडून गेला होता. आवारात आठवडाभर जे चिडवणे चालले होते तेच, त्याच सुरात, कारण घाईत त्याच्या जिभेवर दुसरे काही आलेच नाही: “उताणे!” काठावर त्या बाईंना ‘उताणे’ म्हणजे काय ते लोळून दाखवतानाही ह्याच लोकांनी धिंगाणा घातला होता. बाई पाठीवर पडल्या. पाण्याबाहेर बुटांची दोन टोके दिसली. पहिली पायरी, दुसरी, तिसरी. ओंडक्यासारख्या त्या सरळ खाली गेल्या आणि संथ पाण्यात फेकलेला दोर त्यांनी पकडला.

त्या दिवशी आवारात कुणी लोळले नाही. ज्या गाइडने हाक मारली तो नाव धुताना दोनदा काकांच्या जवळून गेला. काकांनीच त्याला थांबवले. “गुडघे वाकवायला सांगितलं होतंस का त्यांना काठावर?”

“सांगितलं होतं.”

“मग वाकवले का नाहीत त्यांनी?”

गाइडने कपाळावर हात मारला आणि पाइप उचलला.

दोन दिवसांनी मॅनेजरबाईंनी काकांना वर बोलावले. पाटी होती तिथेच होती, दीडपट अक्षरांत. बाईंच्या हातात एक पत्र होते. “त्या बाईंनी तक्रार केलीये. पाण्यात पडल्यावर गाइड आपल्याला ‘उताणे’ म्हणाला. स्त्री ग्राहकाशी बोलायची ही पद्धत आहे का, असं विचारलंय. किमान ‘कृपया’ तरी हवं होतं, असं शेवटी लिहिलंय.”

काकांनी पत्र वाचले, घडी घातली, पुन्हा उघडून वाचले. “‘कृपया’ सुरुवातीला घातलं तर,” ते हळूहळू म्हणाले, “नदी ‘उताणे’ खाईल.”

“मी काय उत्तर देऊ?”

“तुम्ही मॅनेजर आहात,” ते म्हणाले आणि जिना उतरले. कचेरीचा.

रविवारी ते शिंप्याकडे गेले. पँटी तयार होत्या. शिंप्याने त्या कापल्या नव्हत्या; खालची शिवण तेवढी नवी घातली होती. “घोटे झाकलेले बरे,” तो म्हणाला. दुकानाच्या दारात त्याची मुलगी बटणे लावत बसली होती. काकांनी खिशातून जोडपानाची प्रत काढली.

“मास्तर, हे तुमच्यासाठी आहे. कंपनीच्या फायलीत लागलंय.”

“मला चष्म्यानंही बारीक दिसत नाही. वाचा ना तुम्हीच.” तो डाव्या पायाने पायटा मारू लागला, हातातले काम अर्धवट सोडायची त्याला सवय नव्हती. “मोठ्यानं वाचा, हिलाही ऐकू जाऊ दे.”

काका वाचू लागले. तारीख, जागा, जिन्याची दुसरी पायरी. मशीन खडखडत होते. “सुरक्षाप्रमुखाने दिलेली सूचना पाण्याच्या आवाजामुळे अर्धीच ऐकू आली. जेवढी ऐकू आली तेवढी उलट अर्थाची होती. ग्राहकाने ती–” इथे त्यांचा दम सरला, आवाज खाली गेला. मुलीचा हात बटणावर थांबला होता. ती बापाकडे पाहत होती.

“ग्राहकाने ती काय?” शिंप्याने विचारले. “शेवटचं ऐकू आलं नाही.”

आणि त्याने पायट्यावरचा पाय उचलला. मशीन थांबले.

“तंतोतंत पाळली,” सूचनाकाका म्हणाले.